दिवस वाचवायला आलेली पर्यावरण मंजुरी

पर्यावरण मंजुरीआधी होणाऱ्या जनसुनावणीचा मांडव एकदा तरी पाहून यावा. व्यासपीठावर मधोमध अपर जिल्हाधिकारी, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक अधिकारी, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, तिवईवर व्हिडिओ कॅमेरा, बाहेर पोलिसांची गाडी. प्रकल्पाचा सल्लागार मराठीत बोलत असतो, पडद्यावरचे तक्ते मात्र इंग्रजीत. मागच्या रांगेतला कुणीतरी उठतो आणि विचारतो, "आमच्या विहिरीचं पाणी तुम्ही कधी तपासलंत?" उत्तर येतं, "आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे." मराठीत मिळतो तो प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश. काही शे पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत ठेवलेला. ज्याला सवड आणि इंग्रजी दोन्ही असेल त्याने जाऊन वाचावा. आणखी एक गंमत म्हणजे या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, तसं नियमातच लिहिलेलं आहे. हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेलाही गणपूर्ती लागते.

व्यासपीठावरचे हे सगळे राज्य सरकारचे लोक. प्रकल्प दिल्लीतून मंजूर होणारा असला तरी सुनावणी राज्याच्या मंडळानेच घ्यायची असते. पुष्कळदा अर्जदारही राज्याचंच एखादं महामंडळ असतं. त्यामुळे राज्य सरकारं पर्यावरणाचं मूल्यांकन कितपत नीट करतात, हे विचारताना आधी एक पाहावं लागतं: हे काम त्यांच्याकडे आलं कधी, आणि का आलं?

सुरुवात धरणांपासून झाली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात नियोजन आयोगाने नदीखोऱ्यांतल्या प्रकल्पांकडे पर्यावरणाच्या बाजूने पाहायला सांगितलं. पण ते प्रशासकीय काम होतं, त्यामागे कायदा नव्हता. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या आधारे २७ जानेवारी १९९४ रोजी ईआयएची, म्हणजे पर्यावरण आघात मूल्यांकनाची, पहिली अधिसूचना निघाली. ठरावीक प्रकारचे प्रकल्प आता मूल्यांकनाशिवाय उभे राहू शकत नव्हते. जनसुनावणीची तरतूद १९९७च्या दुरुस्तीने आली. निर्णय मात्र दिल्लीतच होत. एखाद्या तालुक्यातल्या खाणीची फाइल तिथपर्यंत जायची, तिथल्या समितीपुढे यायची, प्रश्न घेऊन परत यायची, पुन्हा जायची.

या येरझाऱ्यांवरच पुढे बोट ठेवलं गेलं. गुंतवणुकीला लागणाऱ्या परवानग्यांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या गोविंदराजन समितीने २००२ मध्ये जी कारणं पुढे आणली, त्यात पर्यावरण मंजुरीला लागणारा वेळ ठळक होता. त्यानंतर १४ सप्टेंबर २००६ची नवी अधिसूचना आली आणि प्रकल्पांचे 'अ' आणि 'ब' असे दोन वर्ग झाले. 'अ' दिल्लीकडे, 'ब' राज्याकडे. स्थानिक माणसाला स्थानिक नदी जास्त कळते, हा युक्तिवाद तेव्हा झाला नाही असं नाही. पण सुधारणेचं मूळ त्यात नव्हतं, दिवस वाचवण्यात होतं. माझ्या मते पुढची बहुतेक गुंतागुंत इथूनच सुरू होते.

राज्याच्या पातळीवर दोन मंडळी बसवली गेली. एक, राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यमापन समिती, जी प्रस्ताव तपासून शिफारस करते. दुसरं, तीन जणांचं राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण, जे अंतिम निर्णय देतं. समितीला ६० दिवस, प्राधिकरणाला ४५, मिळून १०५. हा १०५चा आकडा ध्यानात ठेवा, तो पुन्हा येणार आहे. नावं राज्याने सुचवायची, नेमणूक केंद्राने करायची, मुदत तीन वर्षं. मुदत संपली आणि नवी नावं वेळेवर गेली नाहीत की कारभार ठप्प होतो, आणि राज्यात प्राधिकरणच नसेल तर 'ब' वर्गाची फाइल पुन्हा दिल्लीला जाते. प्राधिकरणाचा सदस्य सचिव महाराष्ट्रात पर्यावरण विभागाचा सचिवच असतो. म्हणजे ज्या मंत्रिमंडळाने प्रकल्पाची घोषणा केली, त्याच्याच हाताखालचा अधिकारी त्या प्रकल्पाच्या परीक्षेच्या टेबलावर बसतो. माणूस कितीही सचोटीचा असो, मांडणी अशी आहे.

महाराष्ट्रात या टेबलावर ढीग पडला तो इमारतींचा. २० हजार चौरस मीटरच्या पुढचं बांधकाम 'ब' वर्गात आलं, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या बांधकाम धंद्यात 'ईसी' (पर्यावरण मंजुरी) हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. "ईसी आली का?" म्हणजे "काम सुरू करायचं का?" काम इतकं वाढलं की राज्याला एकाऐवजी तीन तज्ज्ञ समित्या बसवाव्या लागल्या. इमारतींना जनसुनावणी नाही. टॉवर उभा राहिल्यावर आपल्या नळाच्या पाण्याचं काय होणार, हे शेजारच्या चाळीला कुठल्याही मांडवात विचारता येत नाही.

समिती तपासते ते अहवाल. अहवाल लिहितो सल्लागार, आणि त्याचे पैसे देतो अर्जदार. यातून काय निघू शकतं, त्याचा नमुना रत्नागिरी जिल्ह्याने पाहिला आहे. तिथल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात परिसरातल्या पक्ष्यांचं वसतिस्थान म्हणून स्प्रूस आणि बर्च झाडांची जंगलं आली होती. कोकणात! आंबा, काजू, किंजळ, ऐन राहिले बाजूला. रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातून मजकूर जसाच्या तसा उचलला होता. गावातल्या कुठल्याही गुराख्याने पहिल्या पानावर हसून तो परत केला असता, पण अहवाल गुराख्याकडे जात नाही. पुढे २०१० च्या सुमारास सल्लागारांना मान्यता घेण्याची पद्धत आली आणि इतकी उघड उचलेगिरी कमी झाली. तरी कॅगने २०१६च्या अहवालात देशभरातल्या मंजुऱ्यांचा नमुना तपासला, तेव्हा चौथा हिस्सा अहवाल अभ्यासासाठी ठरवून दिलेल्या कार्यकक्षेलाही धरून नव्हते. म्हणजे पेपरमधले प्रश्न सोडूनच उत्तरं लिहिली होती आणि विद्यार्थी पास झाला होता.

राज्यांना जमलं नाही, तर जिल्ह्यांना कसं जमणार? पण नेमका तोही प्रयोग झाला, आणि तो वाळूवर. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाळूसारख्या गौण खनिजाच्या पाच हेक्टरपेक्षा लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागेल. तोवर लोक मोठा पट्टा तुकडे पाडून पाच हेक्टरच्या आत बसवत आणि सुटत. आता राज्यांकडे फाइलींचा पूर आला. १५ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने तोडगा काढला: जिल्हास्तरीय प्राधिकरण. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्य सचिव प्रांत, सोबत वनाधिकारी आणि एक तज्ज्ञ.

वाळूचा कारभार कसा चालतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातली मेख लगेच कळेल. घाट ठरवायचे महसूल यंत्रणेने, लिलाव करायचा तिने, स्वामित्वधनाचं उद्दिष्ट तिच्याच डोक्यावर, रात्री चोरीचे ट्रॅक्टर पकडायचे तिच्याच तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांनी. आणि आता नदीचं पात्र किती उपसा सोसेल, हेही तिनेच ठरवायचं. मार्चअखेरीला वसुलीचा आढावा घेणारा अधिकारी आणि नदीतल्या वाळूच्या थराची काळजी वाहणारा अधिकारी एकाच खुर्चीत. शिवाय यातल्या बऱ्याच पट्ट्यांना ना पूर्ण अहवाल लागायचा, ना सुनावणी. १३ सप्टेंबर २०१८ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ही व्यवस्था दीपक कुमार निकालाशी विसंगत ठरवली. त्या वर्षअखेरीला काम पुन्हा राज्यांकडे गेलं, आणि दरम्यान जिल्ह्यांनी वाटलेल्या मंजुऱ्या नव्याने तपासण्याचं लोढणं पुढे कित्येक वर्षं राज्यांच्या गळ्यात राहिलं.

मग सगळं दिल्लीतच राहिलं असतं तर बरं झालं असतं का? गोवा बघा. तिथल्या लोहखनिजाच्या खाणींना मंजुऱ्या केंद्रानेच दिल्या होत्या. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, त्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि केंद्राला आपल्याच मंजुऱ्या स्थगित कराव्या लागल्या. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि नव्याने पट्टे द्यायचे तर नव्याने पर्यावरण मंजुरीही घ्या, असं बजावलं. पेडण्यातल्या मोपा विमानतळाचा अर्जदार तर खुद्द गोवा सरकार. २९ मार्च २०१९ च्या निकालात न्यायालयाने मंजुरी स्थगित केली, कारण अर्जात आणि अहवालात परिसरातली वनं आणि संवेदनशील क्षेत्रं नीट दाखवलीच नव्हती, आणि केंद्राच्या तज्ज्ञ समितीनेही ती विचारली नव्हती. जानेवारी २०२० मध्ये अटी वाढवून स्थगिती उठली, २०२३च्या सुरुवातीला विमानं उडाली. सरकारच अर्जदार असलं की अर्ज नीट भरला जाईल, असं धरून चालायची सोय राहिली नाही. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचंही तेच: महापालिकेचा प्रकल्प, राज्याच्या किनारा प्राधिकरणाची शिफारस, आणि १६ जुलै २०१९ रोजी उच्च न्यायालय म्हणतं की ईआयए अधिसूचनेखालची मंजुरी घेतलेलीच नाही. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि भराव पुन्हा सुरू झाला.

स्थानिक संस्था जमेल तशी काम करते, या नियमाला महाराष्ट्रातच एक अपवाद होता. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये तिथे एक स्वतंत्र प्राधिकरण आलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राला गंधक शोषणारी यंत्रणा बसवायला लावली, त्यासाठी बँक हमी घेतली, आणि यंत्रणा बसेपर्यंत पिच्छा सोडला नाही. चिकूच्या बागायतदारांना प्राधिकरणाचं दार माहीत होतं आणि ते उघडत होतं. अधिकारक्षेत्र एकच तालुका, अध्यक्ष सरकारचा नोकर नाही, आणि मागे सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, या तीन गोष्टी तिथे एकत्र आल्या होत्या. धर्माधिकारी २०१९च्या जानेवारीत गेले. ३१ जुलै २०२३ रोजी याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला हिरवा कंदील दाखवला.

मंजुरी दिल्यानंतरचं प्रकरण तर आणखी पातळ. अर्जदाराने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल स्वतःच लिहून द्यायचा. तो वाचणार केंद्राचं विभागीय कार्यालय, महाराष्ट्रासाठी ते नागपुरात, त्याआधी थेट भोपाळला. राजापूरच्या खाडीत काय सोडलं जातंय, हे भोपाळहून कसं दिसत असेल कोण जाणे.

या सगळ्याची मोजदाद कशाने करायची, याचं सरकारी उत्तर १७ जानेवारी २०२२ रोजी आलं. केंद्रीय मंत्रालयाने राज्य प्राधिकरणांना तारे द्यायचं ठरवलं. सरासरी ८० दिवसांच्या आत मंजुरी दिली तर दोन गुण, १०५च्या आत एक, त्यापुढे शून्य. समितीने १० टक्क्यांहून कमी प्रकरणांत जागेवर जाऊन पाहणी केली तर एक गुण. २० टक्क्यांहून जास्त केली तर शून्य. पुन्हा पुन्हा माहिती मागितली तरी गुण कापले. सात गुण झाले की पंचतारांकित. ओढ्याकाठी जाऊन उभं राहणाऱ्या समितीला इथे दंड होता! टीका झाली तेव्हा मंत्रालय म्हणालं की यात पर्यावरणाचे निकष ढिले होत नाहीत, फक्त कार्यक्षमता मोजली जाते. तेही एका अर्थी खरंच. २००२ पासून मोजलं जात होतं ते हेच.

वेग इतका महत्त्वाचा ठरला की आधी बांधून नंतर मंजुरी मागणाऱ्यांसाठीही वाट निघाली. १४ मार्च २०१७च्या अधिसूचनेने अशा प्रकल्पांना सहा महिन्यांची एकदाच मिळणारी संधी दिली, २०२१च्या कार्यपद्धतीने ती वाट पुन्हा मोकळी केली, आणि अशी बरीच प्रकरणं राज्यांच्या समित्यांपुढे येऊन पडली. उभी इमारत समोर असताना समिती 'नको' म्हणणार कशी? मुंबईची वनशक्ती ही संस्था न्यायालयात गेली. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. १८ नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. आधीच्या निकालपत्रावर सही असलेले न्यायमूर्ती उज्जल भुयान या वेळी अल्पमतात होते. मूळ याचिका नव्याने सुनावणीसाठी परत गेल्या.