सीएस प्रिन्सिपल्स: कोर्सच्या आधी क्रेडिटचं भांडण

अमेरिकेत हायस्कूलमध्येच कॉलेजच्या लेव्हलचा विषय शिकून क्रेडिट (पुढे डिग्रीत धरला जाणारा कोर्स) कमवायची जी सोय आहे ती म्हणजे एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट), परीक्षा कॉलेज बोर्ड घेतं आणि स्कोअर १ ते ५ मध्ये येतो. पण तुमच्या ४ ला क्रेडिट द्यायचं की नाही हे ज्याची त्याची युनिव्हर्सिटी ठरवते, आणि नव्या कोर्सचं घोडं तिथेच अडतं. सीएस (कम्प्युटर सायन्स) प्रिन्सिपल्स या एपी कोर्सचंही तेच झालं.

कम्प्युटर सायन्सची एपी तशी जुनी, १९८४ पासूनची. सुरुवातीला पास्कल, मग १९९९ ला सी प्लस प्लस, २००३-०४ पासून जावा. भाषा बदलायची ती कॉलेजात पहिल्या सेमिस्टरला काय शिकवतात ते बघून, शाळेतल्या शिक्षकांनी मात्र दर वेळी पाटी पुसून नव्याने बसायचं. एवढं करून मुलं यायची थोडीच, मुली तर साधारण पाचात एक. त्यात वरच्या लेव्हलची एबी परीक्षा २००९ नंतर बंदच केली.

मग एनएसएफच्या (संशोधन आणि शिक्षणाला पैसे देणारी अमेरिकन सरकारी संस्था) जॅन क्युनी यांनी ठरवलं की १०,००० शाळांत १०,००० शिक्षक तयार करायचे आणि त्यासाठी नुसत्या जावाच्या पलीकडचा कोर्स पाहिजे, ज्यात डेटा, इंटरनेट, अल्गोरिदम, समाजावर होणारा परिणाम हे सगळं येईल. हे ऐकायला छान आहे, पण शाळा म्हणणार क्रेडिट मिळत नाही तर आम्ही का शिकवू, आणि युनिव्हर्सिटी म्हणणार आमच्याकडे असा कोर्सच नाही तर क्रेडिट कशाच्या बदल्यात देऊ. आधी कोंबडी की आधी अंडं!

यावर काढलेला तोडगा मला तरी फार हुशारीचा वाटतो. २०१०-११ मध्ये पहिला पायलट चक्क युनिव्हर्सिट्यांमध्येच घेतला: कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीची बर्कली आणि सॅन दिएगो, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीचं शार्लट आणि डेन्व्हरचं मेट्रोपॉलिटन स्टेट. ड्यूक युनिव्हर्सिटीचे ओवेन अ‍ॅस्ट्राकन आणि मिडलबरी कॉलेजच्या एमी ब्रिग्स प्रोजेक्ट चालवत होते. म्हणजे ‘असा कोर्स आमच्याकडे नाही’ म्हणायची सोयच ठेवली नाही. शिवाय डिपार्टमेंट्सकडून लेखी घेतलं की परीक्षा आली तर आम्ही क्रेडिट किंवा प्लेसमेंट (म्हणजे पहिला कोर्स सोडून थेट पुढच्यात बसायची मुभा) देऊ. २०१३ मध्ये एनएसएफने कॉलेज बोर्डाला ५२ लाख डॉलर दिले आणि गाडी रुळावर आली.

भाषेचं भांडण मिटवायला कुठलीच भाषा सक्तीची केली नाही. पेपरात स्वतःचा सुडोकोड (खऱ्या भाषेत नसलेला, फक्त समजण्यासाठी लिहिलेला प्रोग्राम), व्हेरिएबलला व्हॅल्यू द्यायला बाण, तेच ब्लॉकच्या रूपातही छापलेलं, आणि लिस्टमधली मोजणी १ पासून सुरू (जावासारख्या भाषांमुळे शून्यापासून मोजायची सवय लागलेल्यांना हे खटकतंच). सुरुवातीला ४० टक्के मार्क वर्षभरात केलेल्या दोन टास्कना होते, त्यातल्या एकात मुलांनी स्वतः प्रोग्राम लिहून त्याचा व्हिडिओ जमा करायचा.

२०१६ च्या फॉलमध्ये कोर्स सुरू झाला, मे २०१७ च्या पहिल्याच परीक्षेला ४० हजारांहून जास्त मुलं बसली. क्रेडिटचं मात्र अर्धवटच राहिलं. बऱ्याच ठिकाणी ते इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून मिळतं, मेजरमध्ये (डिग्रीच्या मुख्य विषयात) धरत नाहीत, त्यामुळे ५ मिळवलेली पोरगी सीएस घ्यायला गेली की तिला पहिल्या सेमिस्टरचा प्रोग्रामिंगचा कोर्स करावाच लागतो.