पूर्वतयारी अनुदान (निसर्गसंवर्धन)

हजारो हेक्टरांवर पसरलेला निसर्गसंवर्धनाचा प्रकल्प सुरू होण्याआधी पाहणी, लोकांशी बोलणी, कायदेशीर तपासणी आणि खर्चाचा अंदाज या कामांसाठी मिळणारा स्वतंत्र निधी म्हणजे पूर्वतयारी अनुदान. या पैशातून रोपे लावली जात नाहीत, कुंपण घातले जात नाही की बोट विकत घेतली जात नाही. हाती येतो तो आराखडा, आणि त्याच्या जोरावर पुढच्या, कितीतरी मोठ्या रकमेची मागणी करता येते. रक्कम लहान म्हणून या टप्प्याकडे दुर्लक्ष होते. खरे तर प्रकल्पात कोणाची गणना होणार आणि कोण वगळले जाणार हे इथेच ठरते.

नियोजनाचा आणि अंमलबजावणीचा पैसा वेगळा ठेवण्याची पद्धत जर्मनीत चांगली रुजली आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या निसर्गक्षेत्रांतील मोठ्या प्रकल्पांना तिथले केंद्र सरकार 1979 पासून मदत करते. पहिल्या टप्प्यात त्या क्षेत्राच्या देखभालीचा व विकासाचा आराखडा तयार होतो आणि मग दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष काम. इंग्लंडच्या ‘लँडस्केप रिकव्हरी’ योजनेच्या 2022 मधील पहिल्या फेरीत 500 ते 5,000 हेक्टरांचे प्रस्ताव मागवले गेले. त्यांतून 22 प्रकल्प निवडले गेले आणि सुमारे दोन वर्षांच्या तयारीसाठी प्रत्येकी 5 लाख पौंडांपर्यंत निधीची सोय झाली. एवढे क्षेत्र सहसा एका मालकाचे नसते. त्यामुळे शेजारच्या शेतकऱ्यांना, कुळांना आणि संस्थांना एका करारात आणणे हाच तिथे तयारीचा मोठा भाग होऊन बसतो.

भारतासारख्या देशांना या कामासाठी जागतिक पर्यावरण सुविधा म्हणजे जीईएफ हा महत्त्वाचा स्रोत आहे. जागतिक बँकेत 1991 मध्ये प्रायोगिक निधी म्हणून ती सुरू झाली आणि 1994 मध्ये तिची स्वतंत्र घडी बसली. जीईएफकडे कोणालाही थेट अर्ज करता येत नाही. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम (यूएनडीपी), जागतिक बँक यांसारख्या मान्यताप्राप्त 18 संस्थांपैकी एकीच्या हातूनच प्रस्ताव जातो आणि त्याला देशाच्या नियुक्त अधिकाऱ्याचे संमतिपत्र लागते. भारतात हे काम केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालयाकडे आहे. आधी संकल्पनेचे टिपण पाठवायचे. त्यात क्षेत्र कोणते, तिथल्या जैवविविधतेला धोका कशाचा, सरकार आपणहून काय करणारच आहे आणि जीईएफच्या पैशाने त्यात नेमकी कोणती भर पडेल, हे मांडायचे. पूर्वतयारी अनुदानाची मागणी याच टिपणासोबत जाते. गेली काही वर्षे लागू असलेल्या कोष्टकानुसार 20 लाख डॉलरपर्यंतच्या प्रकल्पाला 50 हजार, 30 लाखांपर्यंत 1 लाख, 60 लाखांपर्यंत दीड लाख, 1 कोटीपर्यंत 2 लाख आणि त्यावर 3 लाख डॉलर ही कमाल मर्यादा आहे. देशाच्या वाट्याला ठरवून दिलेल्या रकमेतून हा पैसा आला, तर तो त्या वाट्यातूनच वजा होतो. म्हणजे तयारी वाया गेली तर नुकसान देशाचे.

टिपण मंजूर झाल्यावर सविस्तर प्रकल्प-दस्तऐवज मुदतीत सादर करावा लागतो. मोठ्या प्रकल्पांसाठी ही मुदत साधारण 18 महिन्यांची धरली जाते. त्यात मूळ स्थितीची पाहणी, संबंधित लोकांच्या सहभागाची योजना, स्त्री-पुरुष समानतेचा कृती आराखडा, सामाजिक व पर्यावरणीय धोक्यांची छाननी, मोजमापाचे निकष आणि सहनिधीची (सरकार व इतरांनी प्रकल्पात घालायच्या रकमेची) लेखी पत्रे असे सगळे असते. सर्वांत जास्त वेळ बहुधा सहनिधीची पत्रे खातात, कारण राज्याच्या प्रत्येक खात्याला आपल्या चालू योजनेतील कोणता खर्च या प्रकल्पाच्या नावे दाखवायचा हे आधी ठरवावे लागते.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण सिंधुदुर्गाचे आहे. मालवणच्या समुद्रातील 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि अभयारण्य बराच काळ कागदावरच राहिले. पुढे जीईएफ, यूएनडीपी, केंद्र आणि राज्य सरकार यांनी मिळून सिंधुदुर्ग किनाऱ्याचा प्रकल्प आखला, तेव्हा रोख बदलला. केवळ अभयारण्याची हद्द राखण्याऐवजी मासेमारी, पर्यटन आणि शेती या व्यवसायांतच जैवविविधतेची काळजी कशी मिसळता येईल, याभोवती आराखडा रचला गेला. 2011 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात जीईएफचे सुमारे 34 लाख डॉलर होते आणि सरकारी सहनिधी 1 कोटी 20 लाख डॉलरचा ठरला होता.

आखणीतल्या या बदलाची फळे बारीक गोष्टींत दिसतात. नौकेमागे ट्रॉल जाळे ओढले की त्याच्या मागच्या पिशवीचे तिरके आस (जाळ्याची छिद्रे) ताणून मिटतात आणि लहान मासळी आत अडकते. चौरस आस उघडे राहतात, त्यामुळे पिल्ले निसटतात. 40 मिलिमीटर चौरस आसाच्या जाळ्यांचा प्रसार हा इथल्या कामाचा एक गाभा होता. कांदळवनात खेकडापालन, खाडीत कालवपालन आणि वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने चालवलेली कांदळवन सफर हीही कामे याच विचारातून उभी राहिली.

अशा किनाऱ्याची मूळ स्थिती नोंदवणे वाटते तितके सोपे नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात पाणी गढूळ असल्याने प्रवाळाची पाहणी होत नाही. मंजुरी मे महिन्यात आली तर 18 महिन्यांतले पहिले चार-पाच महिने समुद्रावरच्या कामासाठी हातचे जातात. दुसरी अडचण यादीची. परवानाधारक नौकामालकांची यादी कार्यालयात तयार मिळते, पण रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या पारंपरिक जाळ्याचा) दोर ओढून मासळीत वाटा मिळवणारे, बाजारात मासे विकणाऱ्या बाया, ओहोटीला खाडीत शिंपले वेचणाऱ्या स्त्रिया त्या यादीत नसतात. रापण आणि पर्ससीन (यांत्रिक नौकांवरून मासळीच्या थव्याला वेढणारे मोठे जाळे) यांचा वाद ज्या किनाऱ्यावर इतका तीव्र आहे, तिथे ‘मच्छीमारांशी चर्चा झाली’ एवढे एक वाक्य लिहून भागत नाही. कोणत्या मच्छीमारांशी, हे लिहावेच लागते. तयारीच्या पैशातला मोठा हिस्सा गावोगावच्या बैठकांवर खर्च व्हायला हवा, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. सल्लागारांच्या मानधनातच तो संपला की जुन्या अहवालांतले परिच्छेद नव्या आराखड्यात येऊन बसतात.

स्वयंसेवी संस्थांपुढे आणखी एक अडथळा असतो. परदेशी खासगी प्रतिष्ठानांकडून नियोजनासाठी पैसे घ्यायचे तर परकीय अंशदान विनियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीने असा निधी दुसऱ्या संस्थेला वळता करण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. विस्तीर्ण क्षेत्राच्या नियोजनात एक मोठी संस्था पुढे राहून गावपातळीवरच्या लहान संस्थांना कामे वाटून देते, ही पूर्वीची सोयीची रीत त्यामुळे बंद झाली. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांकडून येणारा पैसा या कायद्यातील परकीय स्रोताच्या व्याख्येबाहेर आहे, म्हणून यूएनडीपीमार्फत चालणाऱ्या कामांना ही अडचण तशी येत नाही.

एका प्रकल्पाचे निष्कर्ष पुढच्या प्रकल्पाची पूर्वतयारी ठरू शकतात. हरित हवामान निधी या आंतरराष्ट्रीय निधीने ऑक्टोबर 2018 मध्ये भारतीय किनारपट्टीवरील लोकांच्या हवामान-सक्षमतेसाठी, म्हणजे हवामान बदलाचे आघात सोसण्याच्या क्षमतेसाठी, 4 कोटी 34 लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या तीन राज्यांसाठीच्या या प्रकल्पात सिंधुदुर्गाचा समावेश आहे. कांदळवनांचे पुनरुज्जीवन आणि खेकडापालनासारखी उपजीविकेची साधने, म्हणजे आधी जिल्ह्याच्या पातळीवर करून पाहिलेलीच कामे, त्यात मोठ्या प्रमाणावर घेतली आहेत.