रक्तात नाही, नाक्यावर: गुन्हेगारीच्या अभ्यासाची थोडी पार्श्वभूमी

लालबागला कुठल्याही चाळीत जुन्या माणसांजवळ बसा, हा विषय निघतोच, की एकाच खोलीतला मोठा भाऊ टोळीत गेला आणि धाकटा बँकेत चिकटला, असं कसं काय.

पूर्वी याला एकच उत्तर होतं, रक्तातच आहे. इंग्रजांनी तर १८७१ ला त्याचा कायदाच केला, अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. कायदा १९५२ ला गेला, वाक्य मात्र अजून लोकलमध्ये ऐकू येतं.

तिकडे अमेरिकेत बोस्टनला ग्लूक या अभ्यासक नवरा-बायकोने १९४० च्या सुमारास सुधारगृहातली ५०० पोरं घेतली आणि तसल्याच गरीब वस्त्यांतली गुन्हा न केलेली ५००, आणि घर, आईबाप, शाळा सगळं लिहून काढलं, पुढे त्यांच्या तिशीपर्यंत मागोवाही घेतला. नंतर त्या नोंदींची खोकी हार्वर्डच्या तळघरात पडून. १९८० च्या दशकात सॅम्पसन आणि लॉब या दोन अभ्यासकांनी ती उघडली, आणि लॉब तर पुढे त्यातल्या ५२ जणांना सत्तरीच्या आसपास जाऊन भेटला (याला म्हणतात चिकाटी!). निघालं काय, तर घरात कुणाचं लक्ष नसणं, उगाच मारझोड, याचा परिणाम होतोच, पण तेवढ्यावर आयुष्य ठरत नाही. टिकणारी नोकरी, नीट चाललेला संसार, कुणाचं सैन्यात जाणं, इथे बरेच जण वळले. सकाळी पाळी गाठायची असली की रात्री दोनपर्यंत नाक्यावर कोण उभं राहणार.

आता हेच उलटं करून बघा. १८ जानेवारी १९८२, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार, आणि ज्या पोरांनी बापामागून गिरणीत बदली कामगार म्हणून लागायचं ते नाक्यावर. टोळ्यांना पोरं आयती मिळाली. पण बहुतेकांनी भाजी विकली, रिक्षा चालवली, गावाला गेले, त्यांच्या गोष्टी कोण सांगतंय.

आणि एकदा आत जाऊन आलं की पुढची नोकरीच अवघड, म्हणजे सुटायचा रस्ताच बंद, हेही सॅम्पसन आणि लॉबने मांडलंय. आपल्याकडे अठराच्या आतल्या पोराला बहुतेक गुन्ह्यांत २०१५ च्या कायद्याने पाटी कोरी मिळते. एकोणिसाव्या वर्षी आत गेलेल्याला वॉचमनच्या नोकरीलाही पोलिसांचा दाखला लागतो.