कॅलिफोर्निया झेफिर वेगासाठी नव्हतीच

चकचकीत स्टेनलेस स्टीलचे डबे आणि नावात वाऱ्याची झुळूक, म्हणून ‘शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारी सर्वांत वेगवान गाडी’ अशी कॅलिफोर्निया झेफिरची ख्याती अजून सांगितली जाते. ते खरं नाही. ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही दुसरी गाडी तो प्रवास सुमारे 40 तासांत उरकायची. 1949 साली सुरू झालेली झेफिर जवळपास 50 तास घ्यायची.

हा उशीर मुद्दाम ठेवलेला होता. वेळापत्रक असं बसवलं होतं की नेब्रास्काची सपाटी आणि नेवाडाचं वाळवंट रात्रीत मागे पडावं आणि रॉकी पर्वत व फेदर नदीची दरी उजेडात दिसावी. गाडीला पाच घुमटी डबे. पायऱ्या चढून वर गेलं की 24 आसनं, चारही बाजूंना काच, आणि पुढच्या डब्यांच्या छतांवरून बोगद्याचं तोंड जवळ येताना दिसायचं! मला तर हीच या गाडीची खरी श्रीमंती वाटते.

गाडी एका कंपनीचीही नव्हती. तीन रेल्वे कंपन्या ती मिळून चालवत. डेन्व्हर आणि सॉल्ट लेक सिटीला इंजिन बदलायचं, डबे तेच पुढे जायचे.