प्रतिनियुक्ती की कंत्राट? आपत्ती व्यवस्थापनातल्या मोठ्या पदाची जाहिरात वाचताना

मे महिना लागला की माझ्याकडे कोणी ना कोणी जाहिरात घेऊन येतं. महसुलातून निवृत्त झाल्याचा हा फायदा म्हणा किंवा तोटा. यंदा आलेल्या ताईंच्या मोबाइलवर दिल्लीतल्या एका सरकारी संस्थेची पीडीएफ होती. पद वरिष्ठ, काम आपत्तीच्या वेळी मदतकार्य हलवण्याचं, अनुभव दहा वर्षांचा मागितलेला. ताईंकडे चौदा वर्षांचा होता. टाटा समाजविज्ञान संस्थेची आपत्ती व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी, मग केरळचा २०१८ चा पूर, पुढच्याच वर्षी सांगली-कोल्हापूर. तात्पुरते निवारे, धान्यवाटप, पाण्याचे टँकर, सगळं हाताखालून गेलेलं.

"काका, सगळं बसतंय ना?"

सगळं बसत होतं. पहिल्याच पानावर 'प्रतिनियुक्तीने' असा एक शब्द होता, आणि ताईंना बाहेर ठेवायला तो एकटा पुरेसा होता.

पंधरा दिवसांनी बरोबर उलटी केस आली. नोकरीत असलेला एक तहसीलदार. त्याच्याकडची जाहिरात 'वरिष्ठ सल्लागार, कंत्राटी पद्धतीने' अशी होती. म्हणाला, "तीन वर्षं जाऊन येतो." त्याला सांगितलं, बाबा रे, या दारातून जाता येतं. जाऊन येता येत नाही.

दोन्ही जाहिराती शेजारी ठेवल्या तर जुळ्या वाटतात. कामाचं वर्णन जवळपास तेच: समन्वय, नियोजन, नियंत्रण कक्ष, राज्यांशी संपर्क. मुदतही दोन्हीकडे ठरावीकच. म्हणून लोक समजतात की फरक असलाच तर पगाराचा आणि पेन्शनचा. तो आहेच, पण खरी गोम पुढे आहे.

आधी सोपं तेवढं उरकून घेऊ. प्रतिनियुक्ती म्हणजे उसनवारी. आमच्या जुन्या पत्रव्यवहारात 'उसनवार तत्त्वावर' असंच लिहायचे, आणि मला तो शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. माणूस आधीपासून केंद्राच्या, राज्याच्या किंवा एखाद्या सार्वजनिक उपक्रमाच्या सेवेत असतो. त्याचा मूळ विभाग त्याला काही वर्षांसाठी देतो. मूळ पदावरचा धारणाधिकार, म्हणजे त्या पदावर परत येण्याचा हक्क, शाबूत, सेवापुस्तक चालू, पेन्शन चालू. केंद्राच्या नियमांत वर प्रतिनियुक्ती भत्ताही आहे, त्याच गावात असाल तर मूळ वेतनाच्या ५ टक्के आणि गाव बदललं तर १० टक्के, त्यालाही कमाल मर्यादा. अर्ज थेट पाठवून चालत नाही. तो कार्यालयामार्फत जावा लागतो, सोबत मागच्या वर्षांचे गोपनीय अहवाल आणि दक्षता शाखेचा निर्वाळा. मुदत संपली की माणूस परत. ज्याला मूळ विभागच नाही त्याला उसना देणार कोण? ताईंचं घोडं तिथे अडलं.

कंत्राटात उसनं काही नसतं. संस्था आणि व्यक्ती यांच्यात करार होतो. वेतन नाही, ठोक मानधन. धारणाधिकार नाही, पेन्शन नाही. करार कधी अकरा महिन्यांचा, कधी वर्षाचा, कधी प्रकल्प असेपर्यंत. कायम होण्याच्या आशेवर कोणी जात असेल तर त्याने सर्वोच्च न्यायालयाचा १० एप्रिल २००६ चा उमादेवी निकाल आठवावा. नियमित भरतीची प्रक्रिया टाळून घेतलेल्या कंत्राटी माणसाला केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, हे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेव्हा सांगून ठेवलंय. नोकरीत असलेल्या माणसाला या दारातून जायचं तर साधारणपणे राजीनामा द्यावा लागतो नाहीतर निवृत्त व्हावं लागतं. म्हणून वरिष्ठ सल्लागारांच्या खुर्च्यांवर निवृत्त लष्करी अधिकारी, निवृत्त सनदी अधिकारी आणि ताईंसारखे संस्थांमधून आलेले लोक दिसतात.

इथवरचं कुठलाही कारकून सांगेल. आता सहीकडे येऊ.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ चा. एरवी कोणी उघडत नाही, पण पाऊस लागला की त्यातली काही कलमं सगळ्यांना तोंडपाठ लागतात. कलम ३४ मध्ये जिल्हा प्राधिकरणाला वाहतूक रोखण्याचे, माणसं हलवण्याचे, ढिगारा उपसण्याचे अधिकार आहेत. कलम ६५ खाली वाहनं आणि इमारती अधिग्रहित करता येतात. आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं कलम ५०: तातडीची खरेदी करायची तर निविदेची नेहमीची पद्धत माफ, आणि वस्तू वापरल्याचं अधिकृत नियंत्रक अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र हाच हिशेबाला चालणारा कागद. रात्री अडीच वाजता चारशे ताडपत्र्या आणायच्या असतील तर याच कलमावर येतात.

हे अधिकार वापरायचे कोणी? प्राधिकरणाने, किंवा त्याने नेमून दिलेल्या अधिकाऱ्याने. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाखालचा नसावा, असं कलम २५ म्हणतं. कोषागारातून पैसे काढणारा आहरण व संवितरण अधिकारीसुद्धा नियमित सेवेतलाच. म्हणजे कागद हलतो तो सेवेत असलेल्या माणसाच्या सहीने. कंत्राटी माणूस टिपणी लिहितो, मसुदा करतो, सल्ला देतो. सल्लागार या शब्दाचा अर्थ तिथे अक्षरशः तेवढाच असतो.

महाराष्ट्रात ही जोडी बघायला दिल्लीला जावं लागत नाही. बहुतेक जिल्ह्यांत आपत्तीचा कक्ष निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असतो आणि त्यांच्या हाताखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी. नावं ऐकून दुसराच मोठा साहेब वाटावा! वर्तमानपत्रात नाव त्याचं येतं, शाळांमध्ये प्रात्यक्षिकं तो घेतो, १०७७ वरचे फोन त्याच्या कक्षात वाजतात. पण पहिला महसूल सेवेतला, बदलून आलेला, आणि दुसरा बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं कंत्राटी. या पदांची मुळं केंद्र सरकार आणि यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) यांच्या २००२ ते २००९ या काळातल्या आपत्ती धोके व्यवस्थापन कार्यक्रमात आहेत. तो १७ राज्यांत चालला. प्रकल्प संपला, गरज संपली नाही, पदं कंत्राटावर तशीच रेटली गेली. निवासी उपजिल्हाधिकारी प्रतिनियुक्तीवर नसतो, ती त्याची नियमित नेमणूक असते. पण सहीपुरता हिशेब तोच.

एका जिल्ह्यातली रात्र सांगतो, जिल्ह्याचं नाव नको. नियंत्रण कक्षात चौघं. भिंतीवर पावसाच्या आकड्यांचा तक्ता, कोपऱ्यात थंड झालेला चहा, धरणातून विसर्ग किती क्युसेकने वाढतोय याचे निरोप. कंत्राटी अधिकाऱ्याने अकरा वाजताच सांगितलं की अमुक वाडीचा रस्ता पहाटेपर्यंत जाईल, वाळूवाल्यांचे दोन ट्रॅक्टर आणि नदीपलीकडच्या मच्छीमार सोसायटीच्या बोटी आत्ताच ताब्यात घेऊ. अधिग्रहणाचा मसुदा त्यानेच टाइप केला. सही करणारे साहेब दुसऱ्या तालुक्यात अडकलेले, फोनला रेंज नाही. कागद पावणेदोनपर्यंत टेबलावर पडून होता. शेवटी प्रांताधिकाऱ्यांच्या सहीने निघाला. वाडीतली माणसं वेळेत हलली, त्यामुळे या पावणेतीन तासांची नोंद कुठेही नाही.

यावरून कोणी म्हणेल, मग सगळ्याच मोठ्या खुर्च्यांवर सहीवाली माणसं बसवा, प्रतिनियुक्ती झिंदाबाद. थांबा. त्या वाडीचा रस्ता पहाटे जाणार हे अकरा वाजता कोणाला माहीत होतं? सहीवाल्या साहेबांना त्या जिल्ह्यात येऊन सात महिने झाले होते. त्यांनी तिथला पावसाळा पाहिलाच नव्हता. कंत्राटी गड्याने नऊ पाहिले होते.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. सांगलीत आयर्विन पुलाची ४० आणि ४५. हे आकडे फलकावर आहेत, नवीन माणसालाही एका दुपारी पाठ होतात. पण पंचगंगा चढायला लागल्यावर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतली माणसं जनावरांशिवाय बाहेर पडत नाहीत, म्हणून आधी जनावरांच्या छावणीची आणि वैरणीची सोय करावी लागते, हे फलकावर नसतं. कोणत्या गावात पोलीस पाटलाचं ऐकतात आणि कुठे दूध संस्थेच्या चेअरमनचं, कोणत्या बोटीचं इंजिन मागच्या वर्षी बंद पडलं होतं, हे कुठल्याच आराखड्यात नसतं. प्रतिनियुक्तीवर किंवा बदलीवर आलेला माणूस अधिकार घेऊन येतो आणि तीन वर्षांत आठवण घेऊन निघून जातो. कंत्राटी माणसाकडे आठवण साचत राहते, अधिकार येत नाही. सरकारने एका खुर्चीचे दोन तुकडे करून दोघांना वाटून दिलेत, आणि जाहिरातीत मात्र दोघांकडूनही अख्ख्या खुर्चीचं काम मागते.

याला सणसणीत अपवाद एनडीआरएफचा, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा. गावाकडची पोरं मला विचारतात, एनडीआरएफची भरती कधी निघणार? तशी निघत नाही. सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी अशा केंद्रीय दलांमधून माणसं तिथे येतात आणि मुदत झाली की परत जातात. महासंचालक आयपीएस अधिकारी. आज १६ बटालियन आहेत, त्यातली पाचवी आपल्या तळेगावजवळ सुदुंबऱ्याला. एका बटालियनमध्ये ११४९ जण. म्हणजे सगळंच दल उसनं, तरी चालतं आणि उत्तम चालतं. २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून माणसं काढायला हीच पथकं गेली होती. मग आठवणीचं काय? काँक्रीटचा स्लॅब कापायचं कौशल्य गाझिआनतेपमध्ये आणि महाडमध्ये सारखंच असतं, ते प्रशिक्षणातून एका तुकडीकडून दुसरीकडे जातं. वाडीच्या रस्त्याचं ज्ञान तसं जात नाही. म्हणून बचावाच्या कामाला प्रतिनियुक्ती शोभते, जिल्ह्याच्या पूर्वतयारीला ती कमी पडते. हे माझं मत, आणि यावर माझं बॅचमेट मंडळींशी भांडण होऊन चुकलंय.

जाता जाता: एसडीआरएफ म्हटलं की अर्ध्या लोकांना राज्याचं दल आठवतं आणि अर्ध्यांना राज्याचा निधी. दोन्ही बरोबर आहेत. मुलाखतीत कुठला ते विचारून घ्या.

कायद्यात अलीकडे एक बदल झालाय, तो या विषयाला लागून आहे. मूळ अधिनियमात राष्ट्रीय प्राधिकरणाला लागणारे अधिकारी आणि सल्लागार केंद्र सरकार पुरवणार, अशी रचना होती. २०२५ च्या दुरुस्तीने, जी एप्रिलमध्ये लागू झाली, अधिकाऱ्यांची संख्या आणि वर्ग प्राधिकरणाने ठरवायचे, केंद्राच्या पूर्वमंजुरीने, आणि तज्ज्ञ, सल्लागारही नेमता यायचे, अशी सोय झाली. याच दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिकांच्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांची तरतूद आणली, दिल्ली आणि चंदीगड सोडून. आपल्याकडे महापालिका किती आहेत ते मोजा. या प्राधिकरणांना माणसं लागतील, आणि जाहिराती याच दोन शब्दांत निघतील.

ताईंना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, जाहिरातीत आधी 'नेमणुकीची पद्धत' हा रकाना शोधा, पात्रता नंतर वाचा. दुसरी, कंत्राटी पदाच्या मुलाखतीला गेलात तर शेवटी ते विचारतात, तुमचे काही प्रश्न? तेव्हा मानधनाचं विचारू नका, ते जाहिरातीत आहेच. विचारा की आपत्तीच्या काळात मी कोणाला रिपोर्ट करणार आणि माझ्या टिपणीवर सही करणारा अधिकारी कक्षातच असेल की दुसऱ्या इमारतीत. समोरची मंडळी एकमेकांकडे बघू लागली तर समजून जा. तहसीलदाराला सांगितलं, थांब, प्रतिनियुक्तीची निघेल तेव्हा बघ, वयाची अट साधारण ५६ च्या आतली असते, तुला अजून वेळ आहे.

त्या रात्रीच्या कंत्राटी अधिकाऱ्याचं राहिलं. साहेबांची बदली झाली तेव्हा रीतसर कार्यभार हस्तांतरण झालं, कपाटाच्या किल्ल्यांपासून प्रलंबित प्रकरणांपर्यंत यादी, दोघांच्या सह्या. याचा करार ३१ मे रोजी संपला, तेव्हा यादी करायला कोणी सांगितलं नाही. बोटवाल्यांचे, जेसीबीवाल्यांचे, पोहणाऱ्या पोरांचे नंबर त्याच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये. मुदतवाढीचा आदेश निघाला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. मधल्या दिवसांत एकदा रात्री कक्षातून त्याला घरी फोन आला, सोसायटीच्या बोटीची चावी कोणाकडे असते म्हणून. तेव्हा तो सरकारचा कोणीच नव्हता. त्याने सांगितलं, चावी सेक्रेटरीकडे असते, पण त्यांना रात्री कमी ऐकू येतं, मुलाला फोन लावा.