सर्व्हर नाही, नेट नाही, मग मेसेज आला कसा?

मागच्या आठवड्यात ऑफिसबाहेर रस्ता खणताना केबल तुटली आणि दुपारभर नेट गेलं. व्हॉट्सअ‍ॅप बंद, मेल बंद, सगळे हात बांधून बसलेले. तेवढ्यात आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीच्या स्क्रीनवर आयपी मेसेंजर या ऑफिसातल्या चॅट प्रोग्रॅमची छोटी खिडकी उघडली, "चहा आलाय, या लवकर". तिने विचारलं, नेट बंद आहे ना, मग हे कुठून आलं? एक जण म्हणाला त्याचा सर्व्हर वेगळा असेल. पण सर्व्हर नाहीच आहे! तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

आपण नेटवर्क आणि इंटरनेट हे एकच समजतो, तिथेच गडबड होते. शेजारच्या टेबलावर व्हॉट्सअ‍ॅप केलं की तो मेसेज ऑफिसातून बाहेर पडून कुठल्यातरी लांबच्या डेटा सेंटरला जातो आणि तिथून परत शेजारच्या टेबलावर येतो. लॅनवरचा, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवरचा, मेसेज मात्र तुमच्या कॉम्प्युटरमधून केबलने कोपऱ्यातल्या स्विचपर्यंत (सगळ्या केबल जोडलेल्या डब्यापर्यंत) जातो आणि तिथून दुसऱ्या केबलने समोरच्याकडे, बस. पिंग करून बघा (म्हणजे हाक पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा), एक मिलिसेकंदापेक्षा कमी वेळ दिसेल. बाहेरची केबल तुटली काय न तुटली काय, याला फरक पडत नाही.

आयपी मेसेंजर जपानच्या हिरोआकी शिरोउझू यांनी १९९६ मध्ये लिहिलं. अगदी छोटा प्रोग्रॅम, सोर्स कोड सगळ्यांना खुला, आणि आपल्याकडच्या कितीतरी ऑफिसांत तो वर्षानुवर्षं चालू आहे. आता खरा प्रश्न असा की सर्व्हर नाही, कुठे कोणाची यादी ठेवलेली नाही, तर प्रोग्रॅम चालू केल्या केल्या ऑफिसातली सगळी नावं समोर येतात कशी?

उत्तर आहे हाक. चाळीत नवीन बिऱ्हाड आलं आणि त्याने चौकात उभं राहून ओरडून सांगितलं, "मी आलो हो, कोण कोण आहे?" तर जे घरात असतील ते आपापल्या दारातून "मी आहे" म्हणतील. आयपी मेसेंजर तेच करतो. चालू झाला की तो माहितीचं एक छोटं पॅकेट सोडतो, पण कोणा एकाच्या पत्त्यावर नाही तर १९२.१६८.१.२५५ अशा पत्त्यावर. हा पत्ता कुठल्याच कॉम्प्युटरचा नसतो, त्याचा अर्थच मुळी "या नेटवर्कातले सगळे" असा आहे. त्याला ब्रॉडकास्ट म्हणतात.

मला यातला खालचा थर फार आवडतो. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा, म्हणजे ४८ शून्य-एकांचा, स्वतःचा वेगळा पत्ता असतो. केबलवरून काही आलं की कार्ड आधी बघतं, हे माझ्या नावाचं आहे का? नसेल तर सोडून देतं, कॉम्प्युटरला कळतही नाही. फक्त एक अपवाद, ४८ च्या ४८ बिट १ असतील (ब्रॉडकास्टवर हाच पत्ता घातलेला असतो) तर ते प्रत्येक कार्डाने घ्यायचंच. स्विचही एरवी कोणता पत्ता कोणत्या भोकात आहे हे लक्षात ठेवून तिथेच पाठवतो, पण सगळे १ दिसले की सगळ्या भोकांतून सोडतो. म्हणजे तुमची हाक ऑफिसातल्या प्रिंटरलाही ऐकू जाते, त्याच्याकडे पोर्ट २४२५ वर (आयपी मेसेंजरच्या ठरलेल्या दारावर) ऐकणारं कोणी नसतं म्हणून तो गप्प राहतो एवढंच. ज्यांच्याकडे आयपी मेसेंजर चालू आहे ते उत्तर देतात, त्यांच्या उत्तरावरून तुमची यादी भरते आणि तुमच्या हाकेवरून त्यांची.

पॅकेट उघडून बघितलं तर आत साधा मजकूर असतो, कोलनने तोडलेला. आवृत्ती, पॅकेटचा नंबर, पाठवणाऱ्याचं नाव, मशीनचं नाव, हुकूम, आणि शेवटी मेसेज. हुकूम म्हणजे एक आकडा: १ म्हणजे मी आलो, ३ म्हणजे मी पण आहे, २ म्हणजे चाललो, ३२ म्हणजे मेसेज. प्रत्यक्षात मात्र ३२ च्या जागी बऱ्याचदा २८८ दिसतं, कारण त्यात २५६ मिळवलेले असतात, म्हणजे नववा बिट चालू केलेला असतो, आणि त्याचा अर्थ "पोच पाठव". हे का लागतं, तर मेसेज यूडीपीने जातो. यूडीपी १९८० सालचा नियम, त्याचा स्वभाव साध्या पोस्टकार्डाचा, टाकलं की टाकलं, पोचलं का ते पोस्ट सांगणार नाही. म्हणून प्रोग्रॅम स्वतःच रजिस्टर एडीसारखी सोय करतो, समोरचा ३३ हा हुकूम आणि मूळ पॅकेटचा नंबर परत पाठवतो, तो आला नाही तर मेसेज पुन्हा जातो. एका संख्येत हुकूमही आणि सूचनाही, मला हे फार सुंदर वाटतं.

लाइट अचानक गेली तर "चाललो" म्हणायला वेळच मिळत नाही, म्हणून बंद पडलेल्या मशीनचं नाव बाकीच्यांच्या यादीत तसंच राहतं. यादी रिफ्रेश केली की पुन्हा हाक जाते आणि ते नाव गळतं.

आणि वरच्या मजल्यावरचे लोक दिसत नाहीत अशी तक्रार नेहमी असते. वरचा मजला वेगळ्या नेटवर्कात असेल तर मध्ये राउटर येतो, आणि राउटर ब्रॉडकास्ट पुढे जाऊ देत नाही. ते बरोबरच आहे, नाहीतर तुमची हाक जगभर गेली असती. सेटिंगमध्ये वरच्या नेटवर्कचा ब्रॉडकास्ट पत्ता घालता येतो, मधल्या राउटरने परवानगी दिली तर लोक दिसतात. हाकेचा त्रास मी एकदा पाहिलाय. कोणीतरी आवराआवर करताना लोंबणाऱ्या केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली, आणि स्विचचे सगळे दिवे एकदम, न थांबता लुकलुकायला लागले, सगळं नेटवर्क ठप्प. एकच हाक त्या फेऱ्यात फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत सगळ्यांना पुन्हा ऐकू जाते, कारण आयपी पॅकेटमध्ये असतो तसा "इतक्या टप्प्यांनंतर मर" असा आकडा इथरनेटच्या फ्रेममध्ये, म्हणजे केबलवरून जाताना पॅकेट ज्या पाकिटात असतं त्यावर, नसतोच. राडिया पर्लमन या अमेरिकन इंजिनियर बाईंनी १९८५ मध्ये यावर उपाय काढला, स्विच आपापसात बोलून फेरा तयार करणारी वाट बंद ठेवतात, पण स्वस्तातल्या स्विचमध्ये ती सोय बहुतेक नसते.

आता दोन गैरसमज. एक फॉरवर्ड फिरत असतो की १९२.१६८ ने सुरू होणारा तुमचा आयपी कोणाला कळला तर तो तुमच्या घरापर्यंत पोचेल. अहो, हे पत्ते घर-ऑफिसांच्या आतल्या वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, तोच १९२.१६८.१.५ लाखो घरांत असतो. दुसरा याच्या उलटा, सर्व्हर नाही म्हणजे शंभर टक्के सुरक्षित. तसंही नाही. जुन्या आवृत्तीत मजकूर उघडाच जातो, नवीन आवृत्त्या एन्क्रिप्शन करतात पण दोन्हीकडे तशी आवृत्ती हवी. शिवाय नाव ज्याचं त्याने टाईप केलेलं असतं, कोणीही साहेबांचं नाव टाकून "पेमेंट करून टाका" असं पाठवू शकतो. पैशाचं असेल तर उठून विचारून या.

बघायचं असेल तर वायरशार्क हा नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम उतरवून घ्या, स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या नेटवर्कवर चालवा, फिल्टरमध्ये यूडीपी पोर्ट २४२५ टाका आणि शेजारच्याला आयपी मेसेंजर बंद करून चालू करायला सांगा. आधी २ ची ओळ येईल, मग १ ची, आणि तिच्या मागोमाग तुमच्या मशीनने दिलेली ३ ची (या हुकुमांतही सूचना मिळवलेल्या असतील तर आकडा मोठा दिसेल).