फूल कधी हवं, ते आधी ठरवा
(इंदूरच्या घरबागेसाठी लागवडीचं वेळापत्रक)

जानेवारीत आमच्या नर्सरीत पाय ठेवायला जागा नसते. पेटुनियाची फुललेली कुंडी दिसली की ती लगेच उचलली जाते. न्या, जरूर न्या, पण तिचा बराचसा बहर आमच्याच दारात होऊन गेलेला असतो. तेच रोप ऑक्टोबरअखेर घरी लावलं, तर डिसेंबर-जानेवारीपासून होळीपर्यंतची फुलं तुमची. आमचं सांगणं एवढंच: फूल ज्या दिवशी हवं तो दिवस धरा आणि तिथून मागे मोजत या.

दसऱ्याचा झेंडू

खरी अडचण अशी की सण तिथीने येतात आणि झाडं उन्हा-थंडीने चालतात. अधिक महिना आला की दसरा ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सरकतो, एखाद्या वर्षी तो सप्टेंबर संपतानाच येतो. नक्षत्रं मात्र सूर्याची, ती सहसा एखाद्या दिवसापेक्षा जास्त हलत नाहीत. जुनी माणसं पेरणी मृग-हस्तावर मोजायची ती उगीच नाही.

मोठा हजारी झेंडू बी टाकल्यापासून भरघोस फुलायला साधारण तीन महिने घेतो, छोट्या जातीचा दोन महिने. दसरा 20 ऑक्टोबरच्या सुमारास असेल, तर हजारीचं बी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पडायला हवं. दसरा सप्टेंबरअखेर असेल, तर जून संपायच्या आत. पावसात सपाट जमिनीवर रोप टाकू नका. आपली मालव्याची काळी माती पाणी धरून बसते आणि रोपं बुडख्याशी सडून कोलमडतात. वीतभर उंच गादीवाफा करा, मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. रोप 25 ते 30 दिवसांत लावण्याजोगं होतं. दोन झाडांत हातभर अंतर ठेवा. लावल्यावर महिन्याभराने शेंडा खुडा. जिवावर येतं, फूलही आठ-दहा दिवस लांबतं, पण एका दांड्याच्या जागी झुडूप होतं आणि तोरणापुरती फुलं एकाच घरच्या वाफ्यात निघतात. हे आठ-दहा दिवस वरच्या हिशेबात धरलेले आहेत.

शेवंतीला हा हिशेब लागू नाही

शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. रात्री लांबू लागल्या की ती कळी धरते, मग तुम्ही काडी जूनमध्ये लावा की जुलैमध्ये. तुमच्या हातात दोनच गोष्टी. शेंडे ऑगस्टअखेरपर्यंतच खुडायचे. आणि कुंडी रस्त्याच्या किंवा गॅलरीच्या दिव्याखाली ठेवायची नाही. रात्रभर उजेड पडला की तिची रात्र संपते आणि कळ्या खोळंबतात. ‘झाड छान वाढलंय, पण फुलतच नाही’ अशी तक्रार आली की आम्ही आधी दिवा कुठे आहे ते विचारतो.

हिवाळी फुलं

पेटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स, कॅलेन्डुला, डायन्थस यांचं बी हस्त लागला, म्हणजे 27 सप्टेंबरच्या आसपास टाका. त्याआधी उष्मा असतो, रोपं उंडारतात, म्हणजे नुसतीच उंच आणि किडकिडीत वाढतात. पेटुनियाचं बी अगदी रव्याहून बारीक. चिमूटभर बारीक वाळूत मिसळून पसरा, वर माती ओढू नका, झारी तर नकोच. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा आणि खालून ओल चढू द्या. स्वीट पीला पुनर्लागवड सोसत नाही. दाणे रात्रभर भिजवून जागेवरच टोचा. गुलाबाची छाटणीही ऑक्टोबरच्या मध्यावर, पहिली फुलं साधारण दीड-दोन महिन्यांत.

पावसाळी आणि उन्हाळी

इंदुरात मृग बहुतेकदा कोरडा जातो, म्हणून आर्द्रा (22 जून) लागेपर्यंत थांबा. मग तेरडा, झिनिया, कोंबडा, बटणफूल थेट वाफ्यात पेरा. गौरीसाठी मुळासकट तेरडा लागतो त्या घरांनी हे चुकवू नये, ऐनवेळी बाजारात धावावं लागतं.

मोगऱ्याची तयारी थंडीतच. जानेवारीत पाणी तोडा, महिनाअखेर छाटा, फेब्रुवारीत खत घालून पाणी सुरू करा, मार्च-एप्रिलपासून गजरे. निशिगंधाचे कंदही फेब्रुवारी-मार्चमध्ये. एप्रिलच्या उन्हात हिवाळी फुलं टिकत नाहीत, ती वाचवण्याचा खटाटोप करू नका. त्याच कुंड्यांत फेब्रुवारीअखेर पेरलेला झिनिया किंवा ऑफिस टाइम (पोर्टुलाका) लावा. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येत असेल, तर उन्हाळ्यात ऑफिस टाइमच बरा, त्याची पानं स्वतःच पाणी साठवतात.

झेंडूची आणि हिवाळी रोपं हवी असल्यास महिनाभर आधी नोंदवा. किती फूट वाफा आहे आणि ऊन किती तास येतं, एवढं सांगा. किती रोपं लागतील ते आम्ही काढून देऊ.